चिअरलीडिंगमधले पहिले स्टंट

चिअरलीडिंगमध्ये एका खेळाडूला इतरांनी उचलून धरणे म्हणजे स्टंट. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १८९८ मध्ये सुरू झालेल्या संघटित जयघोषातून हा खेळ वाढला. वर चढते ती फ्लायर, तिला पेलतात ते दोन बेस आणि मागे उभा असतो स्पॉटर.

सुरुवात होते मांडीवरच्या स्टंटने. दोन्ही बेस शेजारी उभे राहून आतला गुडघा वाकवतात. फ्लायर पाऊल ठेवते ते मांडीवर, कमरेजवळच्या खोबणीत; गुडघ्यावर कधीच नाही, कारण तिथे सांध्यावर भार येतो. बेस एका हाताने तिचा पाय गुडघ्याच्या वर कवेत घेतो, दुसऱ्याने पाऊल घट्ट धरतो.

पुढचा टप्पा खांद्यांच्या उंचीचा, म्हणजे प्रेप. बेस समोरासमोर उभे राहून कमरेपाशी तळहात धरतात, फ्लायर त्यांत पावले ठेवते. मोजणीच्या तालावर तिघेही एकदम गुडघ्यांत वाकून उठतात. जोर पायांचा लावायचा, पाठ सरळच ठेवायची. वर गेल्यावर फ्लायरलाही गुडघे ताठ आणि पोट आवळलेले ठेवावे लागते. सैल अंग पेलवत नाही. बेसचे हात डोक्यावर पूर्ण ताणले गेले की प्रेपचे एक्स्टेन्शन होते.

खरी कसोटी उतरताना लागते. क्रेडलमध्ये फ्लायरला किंचित वर उडवून झेलतात. बेसचे हात तिच्या पाठीखाली आणि मांड्यांखाली येतात, स्पॉटर तिला बगलांखाली धरतो. तिचे डोके आणि मान सांभाळणे हे त्याचे पहिले काम. म्हणून तिचे पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याची नजर तिच्यावरून हलता कामा नये.