रक्त भरलं, तरी रिपोर्ट वाचा

शहरातून आलेले किडनीतज्ज्ञ आणि गंगापूर-वैजापूर भागातले माझे डॉक्टर, लॅबवाले व मेडिकलवाले मित्रहो,

लासूर स्टेशन या गावाला नाव दिलं निजामाच्या काळातल्या रेल्वेने आणि पेठ दिली कांदा-कापसाने. अशा ठिकाणी किडनीची परिषद कशाला, असं काहींनी विचारलं. प्रत्यारोपण संभाजीनगरला किंवा पुण्या-मुंबईला होतं, मान्य. पण टाके निघाले की पेशंट गावी येतो आणि अंग मोडून आलं की पहिला आमच्याच दवाखान्याची पायरी चढतो.

वेल्लोरला १९७१ साली देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तेव्हा डॉक्टरांच्या हाताशी मुख्यतः ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड होतं. ॲझाथायोप्रिनची गोळी आजही काहींना चालू असते. अशा पेशंटच्या पायाचा अंगठा सुजतो, युरिक ॲसिड वाढलेलं दिसतं आणि आपला हात सवयीने ॲलोप्युरिनॉल लिहितो. त्याने ॲझाथायोप्रिनचा निचरा अडतो, अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. दोन्ही गोळ्या एकेकट्या साध्या, म्हणूनच हे लक्षात येत नाही.

आता बहुतेकांना टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट असतं. मायकोफेनोलेटनेही पांढऱ्या पेशी उतरतात. उलट स्टेरॉइडने त्या वाढलेल्या दिसतात आणि ताप दबतो. म्हणजे नुसत्या आकड्यावर जंतुसंसर्ग ठरवणं दोन्हीकडून फसवं. आणि काउंट उतरला म्हणून आपणच गोळी बंद करायची नाही. नवी किडनी त्यानेच जाऊ शकते.

मला सर्वांत जास्त धास्ती आनंदाच्या रिपोर्टची वाटते. डायलिसिसवर हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शनं घेतलेला माणूस. नवी किडनी एरिथ्रोपोएटिन बनवू लागते, रक्त भरतं, घरचे पेढे वाटतात. काहींमध्ये मात्र ते थांबतच नाही. हिमोग्लोबिन १७ च्या वर जातं, रक्त दाट होतं, डोकं जड राहतं, गुठळीची भीती असते. बरेचदा लोसार्टन किंवा एनालाप्रिलने ते उतरतं. पण त्यासाठी आधी कुणाला तरी तो आकडा खटकायला हवा ना! आपल्याकडे वाढलेल्या रक्ताची तक्रार कोण करतो?

व्याख्यात्यांना एक विनंती. स्लाइडा थोड्या कमी दाखवल्या तरी चालेल; पेशी किती उतरल्या की रात्री फोन करायचा, आणि कुणाला, ते सांगा. नंबर फळ्यावर लिहून ठेवा. पोहे-चहा मागच्या मांडवात आहे. आटोपून लगेच आत या.