अळवावरचे पाणी आणि विजेचे मनोरे

(सोलापूर येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच लयीत चालू लागले. एक राष्ट्र, एक ग्रिड, एक वारंवारता! १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सोलापुरातच ही वाहिनी राष्ट्रास अर्पण केली. उत्तर-दक्षिण सांधणारी ही गाठ सोलापूरच्या माळरानावर बांधली गेली, याचा सार्थ अभिमान सोलापूरकरांनी बाळगावा. परंतु वाहिनी कोणतीही असो, तारा आणि मनोरा यांना परस्परांपासून विलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरच्या माळांकडे मान वर करून कोण पाहतो?

कोरडी धूळ इन्सुलेटरचे सहसा फारसे बिघडवीत नाही. उन्हाळाभर माळाची माती उडते. होटगीकडील सिमेंटची भुकटी आणि साखर कारखान्यांच्या धुराड्यांतील काजळी तिच्यात मिसळते. संकट येते ते थंडीतल्या पहाटेच्या दवाने, नाहीतर मृगाच्या पहिल्या भुरभुरीने. धो धो पाऊस हा थर धुऊन नेतो. भुरभुर त्याला केवळ ओला करते. मग क्षार विरघळतात, चिनीमातीवर पाण्याचा सलग पापुद्रा पसरतो आणि त्यातून प्रवाह झिरपू लागतो. त्याच्या उष्णतेने मध्येच कोरडे पट्टे पडतात, त्यांवर ठिणग्या उडतात आणि एखाद्या क्षणी अग्नीची कमान माळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झेप घेते. वाहिनी बंद! उत्तर भारताने दाट धुक्याच्या रात्री हे अनेकदा अनुभवले आहे.

उपाय दोन. एक, क्षारविरहित पाण्याने वारंवार धुणे. पाण्याचे मोल सोलापूरला कोणी सांगावयास नको. दुसरा, पाणी पसरूच न देणारा लेप.

कमलपत्रावर पाणी ठरत नाही, ही उपमा भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात आहे. त्यावरून पूर्वजांना आजचे तंत्रज्ञान अवगत होते असा दावा करण्याचे कारण नाही. निरीक्षण मात्र अचूक होते. पानावरील सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवरील मेण यांमुळे थेंब गोल राहून घरंगळतो व धूळही सोबत नेतो, हे विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सविस्तर दाखविले. अळूचे पानही त्याच जातकुळीचे. तेव्हापासून तशा खडबडीत पृष्ठभागाचे लेप करण्याची जगभर चढाओढ लागली. प्रयोगशाळेत ते विलक्षण दिसतात. पण अळूचे पान बोटांनी चोळून पाहावे: चोळलेल्या जागी पाणी पसरू लागते. जिवंत वनस्पती नवे मेण निर्माण करते, निर्जीव लेपाला ते साधत नाही. वाऱ्याबरोबर येणारी वाळू त्याचे उंचवटे झिजवून टाकते, आणि मग तो लेपच अळवावरचे पाणी ठरतो!

म्हणूनच साध्या तापमानाला घट्ट होणारा सिलिकॉन रबराचा लेप आजही विश्वासाचा मानला जातो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. जलविरोधात तो कमलपत्राच्या पासंगालाही पुरणार नाही, परंतु त्याच्या अंगी एक दुर्मीळ गुण आहे. धुळीचा थर बसला की त्याच्या अंतरंगातील हलके सिलिकॉन रेणू हळूहळू वर झिरपतात आणि ती धूळही जलविरोधी होते. ठिणग्यांनी हा गुण तात्पुरता हरपतो. काही तासांच्या वा दिवसांच्या विश्रांतीनंतर परततो. लेपात मिसळलेले ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट तापल्यावर पाणी सोडते आणि ठिणगीची धग शोषून घेते. मात्र पृष्ठभाग आधी स्वच्छ व कोरडा केला नाही, तर उत्तम लेपही पापुद्र्यासारखा सुटतो. कंत्राटातील हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि घाई होते ती नेमकी तेथेच.

बंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था १९६० पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. पण ओलावल्यावर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या सिमेंटच्या भुकटीतून ते रेणू किती वेगाने वर येतात, याचे उत्तर सोलापूरच्या हवेतच शोधावे लागेल. त्यासाठी मोठा खर्च नको. वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारख्या येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी लेप दिलेल्या चकत्या होटगीजवळ आणि शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर टांगाव्यात. दरमहा त्यांवर साध्या फवारणीच्या बाटलीने २०-३० सेकंद पाणी मारावे. थेंब सुटे व गोल राहिले तर पहिली श्रेणी, सलग पापुद्रा झाला तर सातवी. ही सात श्रेणींची पद्धत जगभर रूढ आहे. वहीत तारीख, श्रेणी आणि त्या दिवशीचे दव यांची नोंद करावी. पहिली नोंद दिवाळीनंतरच्या थंडीत घेता येईल.