केशरी कार्ड : धान्य बरे की रोकड?

(वाशिम जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



केशरी कार्डाच्या पैशांवर बोला, असे मला सांगितले आहे. हा प्रश्न मुंबईचा नाही, आपल्या घरातल्या पिठाच्या डब्याचा आहे. २०१५ च्या दुष्काळात राज्य सरकारने मराठवाड्याचे ८, अमरावती विभागाचे ५ आणि वर्धा अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याला माणशी महिना ५ किलो धान्य देणे सुरू केले. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात टाकायचे ठरले. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. तेव्हापासून गावोगाव दोन तट आहेत. एक म्हणतो धान्य परत द्या, दुसरा म्हणतो पैसेच बरे. आवाज दोघांचाही मोठा आहे, पण हिशेब कोणी मांडत नाही.

हिशेबाची सुरुवात वावरातून करू. तुमच्याकडे दोन वावरे आहेत, एक पऱ्हाटीचे, एक ज्वारीचे, आणि युरियाची पोती दोनच. दोन्ही पोती पऱ्हाटीला टाकाल काय? पहिल्या हप्त्याला पीक उसळी घेते, दुसऱ्याला त्याहून कमी, आणि तिसऱ्याला नुसती पाने काळीभोर होतात, बोंडे वाढत नाहीत. म्हणून शेवटचे टोपले जिकडे जास्त पिकवील तिकडे टाकायचे. दोन्हीकडे सारखेच पिकवू लागले की वाटणी बरोबर झाली. हे तुम्हाला कोणत्याही कृषी विद्यापीठाने शिकवले नाही.

बाजारातही हेच चालते. ५०० रुपये पदराला बांधून माय आठवडी बाजारात जाते. तेलाचा पहिला पाव घेतल्याशिवाय फोडणी नाही, म्हणून तो आधी. दुसरा पाव घेताना ती थांबते. त्याच पैशात पोराची वही येते, की सासऱ्याच्या खोकल्याचे औषध? शेवटचे दहा रुपये जिथे घराला जास्त उपयोगी पडतील तिथे जातात. गोसेन नावाच्या जर्मन माणसाने १८५४ मध्ये हाच नियम पुस्तकात लिहिला. पुस्तक खपले नाही, तेव्हा त्याने उरलेल्या प्रती विक्रीतून काढून घेतल्या. कॉलेजात तो नियम आम्ही पाठ केला. घरी आईला सांगितला असता तर ती म्हणाली असती, यात नवीन काय?

आता कार्डाकडे या. ढोरमेहनत करणारा माणूस महिन्याला ५ किलोत भागवत नाही, त्याला दुपटीच्या आसपास लागते. म्हणजे उरलेले धान्य घरचे किंवा बाजारभावाचे. अशा घराला ५ किलो स्वस्त गहू देणे आणि त्या स्वस्ताईइतके पैसे हातात देणे, यात फरक नाही. बाजारात गहू ३२ रुपये धरा. २ रुपये भरून मिळत होता, म्हणजे किलोमागे ३० वाचत होते, ५ किलोला १५०. पैसे ठरले तेही १५०. मात्र गहू ३२ च्या वर गेला की १५० तोकडे पडतात आणि ३६ च्या वर गेला की १७० सुद्धा. भाव हलतो, रक्कम हलत नाही. खरी खोट इथे आहे.

आणि ज्याला गहू नकोच आहे त्याचे काय? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आली. ज्या म्हाताऱ्यांनी ती खाल्ली त्यांच्यासमोर नाव काढून पाहा, आजही तोंड वाकडे करतात. पोट भरले, पण जेवल्याचे समाधान नाही. सरकारच्या वहीत मिलोचा किलो आणि दादरचा किलो सारखाच. ताटात तो सारखा नाही. भाकरीवर वाढलेल्या घराला गहू-तांदूळ दिला तर त्यातला काही दारावरच्या व्यापाऱ्याला पडत्या भावाने जातो. तोच पैसा हातात असता तर शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी आली असती, शेजाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळाले असते.

इथे कोणी म्हणेल, रेशनच्या गव्हानेच आपली ज्वारी मारली. माझ्या मते हे अर्धेच खरे. ज्वारी मागे पडली ती सोयाबीनने दिवाळीला रोख पैसा दाखवला म्हणून, रानडुकरांनी आणि पाखरांनी कणसे ठेवली नाहीत म्हणून, कापणी-खुडणीला मजूर मिळेना म्हणून. ज्याच्या दावणीला बैल आहेत तो अजून ज्वारी पेरतो, कारण तो दाण्याबरोबर कडबाही मोजतो. नुसता दाण्याचा भाव पाहणाऱ्याला ते गणित जमत नाही.

म्हणून मी रोकडीच्या बाजूचा आहे. घरात काय शिजावे हे घराला कळते. पैसे दारूत जातील, असा आक्षेप मागच्या बैठकीत आला. ज्याला प्यायची आहे तो गव्हाचे पोतेही विकतो. त्यावर उपाय हा की पैसे घरच्या बाईच्या खात्यात पडावेत आणि पासबुक तिच्या हाती असावे.

पण रोकडीला एक अट आहे, वेळेची. रुपया बारा महिने सारखा नसतो. डिसेंबरात कापूस विकलेल्या घरात १७० रुपयांची किंमत वेगळी, आणि मृगात, बियाण्याला पैसे घातल्यावर कणगी रिकामी असते तेव्हाची वेगळी. पाच माणसांच्या घराचे महिन्याचे होतात ८५०. जूनचे हे ८५० ऑक्टोबरात पडले तर घर उपाशी थांबत नाही, ते सवाईने उचलते. ८५० घेतले, १०६२ रुपये ५० पैसे फेडले. २१२ रुपये वर गेले, म्हणजे एका माणसाचा महिन्याचा हप्ता संपून आणखी ४२ गेले. शिवाय खात्यात आले की नाही हे पाहायला तालुक्याला जायचे, एसटीचे भाडे द्यायचे आणि मजुरी बुडवायची. धान्य उशिरा आले तरी ५ किलोचे ५ किलोच राहते. पैसा उशिरा आला की वाटेतच आटतो. धान्यवाल्या तटाचे म्हणणे इथे मला पटते.

तेव्हा मागणी धान्याची करू नका, मागणी अशी करा. रक्कम जिल्ह्यातल्या गहू-ज्वारीच्या बाजारभावाला बांधा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. जून ते सप्टेंबरचे चारही हप्ते मेअखेर एकदम द्या, म्हणजे पेरणीच्या आधी भाव पडलेला असताना ज्वारी भरून ठेवता येईल.

त्यासाठी पुरावा लागेल. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून दहा पासबुके आणा. कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला पडले आणि त्या आठवड्यात बाजारात गहू व ज्वारी काय भावाने होती, हे कागदावर लिहून आणा. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशिम, सहाही तालुक्यांचे कागद एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.