केसांची निगा व घरगुती उपचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त निपाणी येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



या महोत्सवात कोणी ट्रस्टच्या इतिहासावर बोलले, कोणी मुलींच्या शिक्षणावर बोलले. माझ्या वाट्याला मात्र केस आले! विषय ऐकून घरात हसू झाले. परंतु संकेश्वरावरून वाहणाऱ्या आपल्या नदीचे नावच हिरण्यकेशी आहे. ज्या मुलखात नदीलासुद्धा सोनेरी केसांची म्हणतात, तेथे या विषयाला कमी लेखण्याचे कारण नाही. शिवाय, आपल्या आरोग्य समितीच्या भगिनींनी मला एक गोष्ट सांगितली. बाई तपासणीला येते ती खोकल्यासाठी किंवा मुलाच्या तापासाठी. उठून जाताना दाराशी थांबते, पदर नीट करते आणि हळूच विचारते, "केस फार गळतात हो, काय लावू?" दाराशी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आज मी भरसभेत देणार आहे. मी डॉक्टर नव्हे, शाळेत विज्ञान शिकविणारी शिक्षिका आहे. तेव्हा ज्याची शहानिशा झाली आहे तेवढेच सांगेन.

आरंभ अम्मीच्या तेलाने करते. आमची अम्मी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळीत असे. पण पावसाळ्यात एक दिवस ती काम बाजूला ठेवी. पाटाच्या कडेला, शेताच्या बांधावर माका माजलेला असे. आमच्या दखनीत त्याला भंगरा म्हणतात, शेजारच्या कन्नड मावशी गरगद सोप्पू म्हणत, आणि वैद्य भृंगराज म्हणतात. फूल पांढरे व बारीक, आणि पाने चुरगळली की बोटे काळी पडतात. पिवळ्या फुलाची एक वनस्पतीही माका म्हणून विकली जाते, ती निराळी. अम्मी पाला वाटून रस गाळी. चार वाट्या रसाला एक वाटी खोबरेल असे तिचे माप, आणि आच अगदी मंद. तेल आधी चुरचुरत राही. ती चुरचूर थांबली म्हणजे पाणी आटले, तेल झाले. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर खवट होते. हे माप वैद्यांच्या ग्रंथातलेच आहे, हे मला फार पुढे कळले. अम्मीला अक्षरओळखही नव्हती.

आता या तेलाने काय होते? खोबरेलाविषयी चांगला पुरावा आहे. मुंबईच्या दोन संशोधकांनी 2003 साली दाखवून दिले की, धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावल्यास केसांतील प्रथिनांची झीज कमी होते. सूर्यफुलाच्या तेलाने किंवा खनिज तेलाने तसे होत नाही, कारण ती केसाच्या आत तितकीशी शिरत नाहीत. हे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगितले पाहिजे. तरी प्रयोग पटण्याजोगा आहे. म्हणजे खोबरेलाने केस तुटत नाहीत, दुभंगत नाहीत. जास्वंदीच्या पाल्याचा बुळबुळीत रस केस मऊ करतो. शिकेकाई आणि रिठा यांत फेस आणणारे द्रव्य असते, ते मळ काढते. हे उपाय खुशाल करावेत. मात्र हे सारे वर दिसणाऱ्या केसाचे झाले. मुळाची गोष्ट निराळी. माक्याच्या अर्काने केस वाढल्याचे 2008 साली प्रसिद्ध झाले, ते उंदरांवरच्या प्रयोगात! माणसांवर तितका भक्कम पुरावा अजून नाही. वनौषधींची अशी पारख करण्याचे काम आपल्या बेळगावातील राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेत चालते, ही आपल्या भागाला भूषणावह गोष्ट आहे.

मुळाची गोष्ट मला माझ्या धाकट्या बहिणीने शिकविली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी तिचे केस मूठ मूठ निघू लागले. फणी बघवेना. ओढणी डोक्यावरून ढळू नये म्हणून ती दोन पिना जास्त लावी, आणि लग्नकार्याला जाण्याचे टाळी. आम्ही अम्मीचे तेल लावले, मेथी वाटून लावली, कांद्याचा रस लावला. बाजारात एकाने "एकवीस दिवसांत गुण" म्हणून बाटली दिली. ती संपली, दुसरी आणली. पैसे तिने विड्यांच्या मजुरीतून साठविलेले होते. आणि मी विज्ञानाची पदवीधर असून तिच्याबरोबर बाटली आणावयास गेले होते, हे आज कबूल करते. पुढे जिना चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी केसांकडे पाहिलेही नाही. खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासावयास सांगितले. हिमोग्लोबिन सात भरले. बाईचे ते बारा तरी असावे.

हे समजण्यासाठी केसाचे चक्र ठाऊक हवे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग सुमारे तीन महिने विसावा घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे स्वाभाविकच आहे. पण बाळंतपण, टायफॉइडसारखा ताप, मोठा रक्तस्राव, उपासमार असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. 2020 व 2021 साली करोनातून उठलेल्या कित्येकांना हा अनुभव आला. बाई मात्र गेल्या आठवड्यात बदललेल्या साबणाला दोष देते; तीन महिन्यांपूर्वीचा ताप ती विसरलेली असते. बहुधा हे केस काही महिन्यांत आपोआप परत येतात. त्या वेळी हातात जी बाटली असेल तिला श्रेय मिळते. बाजारातल्या बाटल्यांचा अर्धा व्यापार यावरच चालतो, असे माझे मत आहे.

पण शरीरात लोहच नसेल तर केस परत येण्यास अडचण पडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 बायकांच्या रक्तात कमतरता होती. कर्नाटकात हे प्रमाण 48 च्या घरात होते. म्हणजे येथे बसलेल्या ओळींतही अशा भगिनी असणारच.

केस हे रक्ताची बातमी देतात, याचे ठळक उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात घडले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत डिसेंबर 2024 पासून लोकांचे केस अचानक झडू लागले. जानेवारी 2025 अखेर अठरा गावांत 279 माणसांना हा त्रास झाला. लाजेने कित्येकांनी मुंडण करून घेतले. प्रथम संशय शांपूवर आणि पाण्यावर गेला. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी व केस यांचे नमुने तपासून घेतले. त्यांत सेलेनियम नावाचे द्रव्य फार वाढलेले व जस्त कमी झालेले आढळले. बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातून ते पोटात गेले, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्या डोक्यांवर कोणतेही तेल चोळून काय झाले असते? गंमत अशी की, केस वाढविण्याच्या काही गोळ्यांतही सेलेनियम असते. थोडे शरीराला लागते, अति झाले तर केस गळतात. तेव्हा शेजारणीने सांगितले म्हणून गोळ्या घेऊ नयेत.

कांद्याच्या रसाला मी मघाशी नावे ठेवल्यासारखे झाले, ते दुरुस्त करते. चाई पडते, म्हणजे रुपयाएवढी गुळगुळीत जागा होते, तेथे त्याचा उपयोग होऊ शकेल. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 साली 23 रुग्णांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावावयास दिला. सहा आठवड्यांत 20 जणांना केस आले. नुसते पाणी लावणाऱ्या 15 जणांपैकी दोघांनाच आले. प्रयोग लहान आहे, पण खर्च एका कांद्याचा! कातडी फार चुरचुरली तर बंद करावे. मुलाच्या डोक्यावरचा चट्टा खवले धरीत असेल तर तो गजकर्णासारखा संसर्ग असू शकतो. त्यास पोटातून औषध लागते, तेलाने वेळ जातो. कोंडा असताना डोके तेलाने थबथबून टाकले तर कोंडा बहुधा वाढतो. आणि ईदच्या आदल्या रात्री मिळणारी "काळी मेंदी" ही मेंदी नव्हेच. तिच्यात रासायनिक रंग असतो, त्याने कातडीवर फोड येतात. मेंदीचा रंग काळा नसतो.

पुरुष मंडळींचे टक्कल बहुतेक वंशपरंपरेने येते. त्यावर औषधे आहेत, ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. बायकोच्या बरणीतले तेल संपवू नये.

आणखी एक कबुली. शिस्तीच्या नावाखाली मी वर्षानुवर्षे मुलींना दोन घट्ट वेण्या घालावयास लावीत आले. सतत ताणल्याने कानशिलांवरचे केस मागे हटतात आणि पुष्कळ वर्षे तसेच चालले तर परत येत नाहीत. आता माझ्या वर्गात वेणी सैल चालते.

बहिणीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. मटकीवर लिंबू, आठवड्याला कलेजी, आणि अळिवाचे लाडू. बाळंतिणीला अळीव देण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची होती! चौथ्या महिन्यात भांगाजवळ बारीक लव दिसू लागली. अम्मीचे तेल ती तेव्हाही लावीत होती, आजही लावते.

ते तेल मी आज बरोबर आणले आहे. मंडपाच्या उजव्या बाजूस टेबलावर लहान बाटल्या ठेवल्या आहेत. त्याच टेबलाशी नर्सबाई बसल्या आहेत. बोटाला टोचून त्या रक्त तपासतील. आधी त्यांच्या वहीत नाव लिहावे, मग बाटली उचलावी.