चूल दिली, पुढे काय?

(मंडळीच्या महिला सभेत दिलेले भाषण)



आपल्या दानातून गेली चार वर्षे सातपुड्यातील पाड्यांवर सुधारित चुली बसवल्या जात आहेत. त्या कशा चालल्या आहेत हे सांगायला मला बोलावले, त्याबद्दल आभारी आहे. फोटो आपण पाहिलेच आहेत. फोटोत चूल नवी असते, भिंत सारवलेली असते आणि बाई हसत असते. आज मी फोटो काढून झाल्यानंतरच्या दिवसांविषयी बोलणार आहे.

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर रोजचा स्वयंपाक अजून लाकडावरच होतो. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत गॅसची टाकी आली. पण ती पुन्हा भरायची तर हातात रोख पैसे हवेत, आणि भरलेली टाकी डोंगर चढवून आणायची. म्हणून पाहुण्याच्या चहाला गॅस आणि घरच्या भाकरीला चूल, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. चूल जाणार नाही, तर निदान तिचा धूर तरी जावा, एवढ्यासाठी हे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले 2 लाखांहून अधिक होती. आईच्या पाठीशी बांधलेले बाळ आईइतकाच धूर घेते, हे आपण लक्षात ठेवावे.

आता चुलीचे तत्त्व थोडक्यात सांगते. धूर म्हणजे न जळलेले लाकूड. तीन दगडांच्या चुलीत चहूकडून गार वारा लागतो, आच पसरते आणि लाकडातून निघालेला वायू जळण्याआधीच वर निघून जातो. सुधारित चुलीत लाकूड जाळीवर ठेवतात, म्हणजे खालून हवा मिळते. जळण्याची जागा अरुंद आणि चांगली तापणारी असते, त्यामुळे तो वायू तिथेच पेट घेतो. चांगली पेटली की ही चूल फुरफुरते. आपल्याकडे चूल फुरफुरली की पाहुणा येतो असे म्हणतात. एका पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, ‘‘ताई, ही तर रोज फुरफुरते, इतक्या पाहुण्यांना जेवायला काय घालायचे?’’

पण फुरफुरण्याआधी ती पुष्कळ छळते. पहिली अडचण सरपणाची. जुन्या चुलीत अख्खे ओंडके सरकवत नेले तरी चालते. हिला मनगटापेक्षा बारीक फोडलेल्या ढलप्या लागतात, आणि त्याही वाळलेल्या. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते पाणी उकळून जाण्यातच आच खर्च होते, आणि घरभर धूर होतो. म्हणजे दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईच्या वाट्याला लाकूड फोडण्याचे काम वाढले. पावसाळ्यात तर सगळेच ओले.

दुसरी अडचण भाकरीची. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकायची, तेव्हा ती टम्म फुगते. नव्या चुलीत निखारे आत खोल असतात. भाकरी शेकायला जागाच नाही! शहरात बसून चूल आखणाऱ्याला हे सुचत नाही. भाकरी करणारीला पहिल्या दिवशी कळते. म्हणून आता जिथे मातीची चूल बांधतो तिथे तोंडाशी निखारे ओढायला ओटा ठेवतो, आणि मागे वैल ठेवतो, म्हणजे भाकरी होईपर्यंत त्यावर डाळ शिजते.

तिसरी अडचण धुराड्याची. त्यात काजळी साठते. ती वेळच्या वेळी झाडली नाही की धूर बाहेर जाण्याऐवजी घरात फिरतो, आणि मग जुनी चूल काय वाईट होती, असे वाटू लागते. वरची टोपी वाऱ्याने उडाली तर पावसाचे पाणी थेट चुलीत येते. काही चुलींना छोटा पंखा असतो. त्या फार स्वच्छ जळतात. पण बॅटरी उतरली आणि वीज नसली की ती चूल कोपऱ्यात धान्याच्या डब्याखाली जाते.

आणखी एक गोष्ट आम्हाला म्हाताऱ्या माणसांनी शिकवली. बियाण्याची मक्याची कणसे चुलीच्या वर टांगलेली असतात. धुरामुळे त्यांना कीड लागत नाही, आणि छपराच्या बांबूलाही भुंगा लागत नाही. थंडीत सारे घर चुलीभोवती झोपते. धूर काढून घेतला तर बियाणे कसे राखायचे, याचेही उत्तर द्यावे लागते. कोरडी राख मिसळून बंद कोठीत बियाणे ठेवणे हा एक मार्ग काही घरांनी धरला आहे.

हे दुखणे आजचे नाही. सरकारने 1980च्या दशकात देशभर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 पर्यंत चालला आणि तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांतल्या किती तरी पुढे मोडल्या किंवा बंद पडल्या. ओडिशात रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी सुमारे 2,600 कुटुंबांचा चार वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक उरला नाही, कारण चुलींची डागडुजी झाली नाही आणि वापर हळूहळू सुटला. आपल्यासारख्या दान देणाऱ्यांनी हा धडा मनाशी धरावा.

मग एवढ्या खटाटोपाचे फळ काय? जिथे चूल नीट चालते तिथले सांगते. जी मोळी दोन दिवसांत संपायची ती तीन दिवस पुरते, असे एक पावरा भगिनी सांगते. तिच्या हिशेबात तो वाचलेला एक दिवस म्हणजे जंगलातली एक फेरी आणि डोक्यावरचे एक ओझे. भांड्यांची काजळी कमी, म्हणून घासायला राख आणि पाणीही कमी. डोळे चोळत बाहेर पळणारी मुले आता चुलीजवळ बसून पाढे म्हणतात. एक आजी म्हणाल्या, ‘‘आता मला सुनेचे तोंड दिसते.’’ त्या हसून बोलल्या, पण त्यांच्या घरात धुराने खरोखरच एकमेकांची तोंडे दिसत नसत.

या घरांत एक गोष्ट समान आहे. तिथे कोणीतरी परत गेले होते. पाड्यावरच्याच दोन बाया चूल बांधायला शिकल्या आहेत. त्या महिन्यातून एकदा फिरतात, धुराडे झाडतात, तडा गेला असेल तर माती लिंपतात, आणि मे महिन्यात पावसाळ्याचे सरपण फोडून पडवीत रचले की नाही ते पाहतात. नवी सून आली की तिला चूल पेटवायला शिकवतात. त्यांच्या फेरीला मजुरी द्यावी लागते. चुलीचे दान लोक आनंदाने देतात. फेरीच्या मजुरीचे दान मागताना मात्र मला दोनदा समजावून सांगावे लागते.

बंधुभगिनींनो, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळी टाकून थकून किनाऱ्याला येतात. तिथे कोळशांचा विस्तव आधीच पेटलेला आहे, वर मासळी आहे आणि जवळ भाकर आहे. पुनरुत्थित प्रभूने पहाटे हे काम केले. प्रत्येक घरात सर्वांच्या आधी उठून आई जे काम करते, तेच. ज्या कामाला प्रभूने हात लावला ते काम हलके नाही, आणि ते करणारीचे डोळे व छाती जपणे ही आपली सेवा आहे.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांनी चूल दिली, त्यांनी तिच्या तीन वर्षांच्या देखभालीचाही भार उचलावा. पुढच्या अहवालात आम्ही दोन आकडे शेजारी शेजारी देऊ : बसवलेल्या चुली किती, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर पेटत असलेल्या किती. दुसरा आकडा लहान असेल तर आम्हाला कारण विचारा. आणि प्रार्थनेत त्या दोन फिरत्या भगिनींची आठवण ठेवा. या आठवड्यात त्या धुराडी झाडत आहेत.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना आणि चुलींना आशीर्वाद देवो. आमेन.