ब्युनॉस आयर्सचा हिशोब

(आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

 

अर्जेंटिनाला जाऊन आलो म्हटल्यावर लोक मला एकच प्रश्न विचारतात. टँगो कसा होता, असं कुणी विचारत नाही. "किती खर्च आला?" हा तो प्रश्न. याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, कारण आमच्या पाच जणांच्या ट्रिपचा हिशोब मीच ठेवला होता. गूगल शीट, प्रत्येक खर्चाला एक रो, कुणी दिले, कुणाकुणात वाटायचे, सगळं फॉर्म्युल्याने. तेव्हा मला त्या शीटचा अभिमान होता. आज मी त्या शीटमधल्या एका सेलबद्दल बोलणार आहे.

आधी पार्श्वभूमी. आम्ही पाच जण. एक जोडपं, दोघंही माझ्या कॉलेजचे. त्यांचा ऑफिसातला एक मित्र, पक्का शाकाहारी. मी. आणि मास्तर. मास्तर म्हणजे माझा हॉस्टेलचा रूममेट. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगला गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. खरं नाव सांगत नाही. एपिसोड करायची परवानगी त्याने दिली आहे, नावाची नाही.

मास्तर फुटबॉलवेडा. २०१४ ची फायनल अर्जेंटिना जर्मनीकडून १-० हरली, तेव्हा दोन दिवस मेसमध्ये आला नव्हता. २०२२ चा वर्ल्ड कप कतारला, तिथली तिकिटं आणि हॉटेलं आमच्या आवाक्याबाहेरची. मग त्याचीच आयडिया, की मॅच टीव्हीवरच बघायची ना, तर मेसीच्या देशात जाऊन बघू. जुलैत तिकिटं काढली, स्वस्तातली, रिफंड न मिळणारी. हे रिफंडचं लक्षात ठेवा.

मुंबई, आदिस अबाबा, साओ पावलो, ब्युनॉस आयर्स. १९ नोव्हेंबरला पोचलो. घड्याळ साडेआठ तास मागे गेलं आणि ऋतू उलटा झाला. आपल्याकडे थंडीची चाहूल, तिकडे वसंत संपत आलेला. आणि सगळा रस्ता जांभळा! जॅकरांडा फुललेला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "अरे हा तर आपला नीलमोहर." खरंच तोच. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचाच, पुण्यात आलेला पाहुणा आहे. मी इतकी वर्षं त्याला इथलाच समजत होतो.

शहराबद्दल थोडं सांगतो. फिरायला गेलात तर उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथे युरोपातून बोटी भरभरून माणसं आली, त्यात इटालियन आणि स्पॅनिश सर्वांत जास्त. त्यामुळे इथली स्पॅनिश ऐकायला इटालियन चालीची वाटते. मी ट्रिपच्या आधी तीन महिने ॲपवर स्पॅनिश शिकलो होतो. तिथे 'कोंबडी'ला 'पोयो' शिकवलं, इथे सगळे 'पोशो' म्हणतात. माझी १०० दिवसांची स्ट्रीक पहिल्याच जेवणात पाण्यात.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला या गोमांसाच्या राजधानीत काय मिळणार, ही आमची मोठी काळजी होती. पण पिझ्झाच्या दुकानात एक पदार्थ दिसला, फायना. इटलीतल्या जिनोआकडून आलेल्या लोकांनी आणलेला. हरभऱ्याच्या पिठाचा, तेल घालून भट्टीत भाजलेला. आपलं जाडसर बेसनाचं धिरडंच म्हणा. तिकडे तो पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात. आमच्या शाकाहारी मित्राने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "ओवा पाहिजे होता." त्यानंतर नऊ दिवस तो फायनावरच जगला. आणि हो, रात्रीचं जेवण नऊनंतर. साडेसातला गेलात तर खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात.

आता मुद्द्यावर. पैसा.

तेव्हा अर्जेंटिनात डॉलरचे दोन भाव होते. म्हणजे अनेक होते, पण आपल्यासाठी दोन. सरकारी दर, एका डॉलरला साधारण १६८ पेसो. आणि 'ब्लू', म्हणजे बाजारातला काळा दर, ३०० च्या पुढे. सरकारने लोकांच्या डॉलर खरेदीवर बंधनं घातली होती, महागाई त्या वर्षी जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेली, त्यामुळे ज्याला पगार मिळेल तो आधी डॉलरच्या मागे. कालये फ्लोरिदा या रस्त्यावर माणसं उभी राहून "काम्ब्यो, काम्ब्यो" ओरडत असतात. कायद्यात बसत नाही, पण वर्तमानपत्रात या काळ्या दराचा आकडा रोज छापून येतो! सर्वांत मोठी नोट तेव्हा १,००० पेसोची होती. त्यामुळे ३०० डॉलर बदलले की हातात ९० नोटांचं पुडकं. हॉटेलांच्या मेन्यूवर किमतींवर स्टिकर, स्टिकरवर स्टिकर.

आम्ही चौघांनी रोख डॉलर नेले होते. मास्तर म्हणाला, मी कार्डानेच देतो, तुम्ही रोख वापरा, शेवटी हिशोब करू. मला वाटलं आळशीपणा करतोय. परदेशी कार्डांना बरा दर देण्याची सोय तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती, त्याच्या कार्डाला ती काही मिळाली नाही. सरकारी दरानेच पैसे कटत होते. विमानतळावरून दोन टॅक्सी, पहिल्या दोन दिवसांचं किराणा सामान, टँगो शोची पाच तिकिटं, असं सगळं मिळून ५४,००० पेसो त्याच्या कार्डावर गेले.

माझ्या शीटमध्ये सर्वांत वर एक सेल होता. 'पेसो ते रुपये'. त्यात मी टाकलं होतं ०.२७. रोखीचा दर. एकच व्हेरिएबल, सगळ्या रोंना लागू. स्वच्छ कोड. पण कार्डावर गेलेला पेसो २७ पैशांना पडतच नव्हता, तो पडत होता ४९ पैशांना. म्हणजे मास्तरने खिशातून घातले साधारण साडेसव्वीस हजार रुपये आणि माझी शीट म्हणत होती साडेचौदा हजार.

२२ नोव्हेंबर, मंगळवार. अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया, तिथल्या वेळेने सकाळी सात वाजता. बिल्डिंगखालच्या कॅफेत बसायला जागा नाही, शाळेच्या गणवेशातली पोरं, ऑफिसला निघालेली माणसं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कुत्रीसुद्धा. दहाव्या मिनिटाला मेसीची पेनल्टी आत. आणि मग सेकंड हाफमध्ये पाच-सहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. २-१. शिट्टी वाजल्यावर कुणी ओरडलं नाही, शिवी नाही. लोकांनी कॉफीचे पैसे दिले आणि कामाला गेले. इतकी शांत गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्या रात्री जेवताना मास्तरने विषय काढला. बिल यायच्या आधी, हळू आवाजात. "तुझ्या शीटमधला रेट कार्डाला चुकीचा आहे. मला नऊ-दहा हजारांचा फरक पडतोय."

मी दमलेलो होतो, मॅच हरलेलो होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या शीटमध्ये कुणी बग काढला याचा राग आला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "यार, सात समुद्रांपलीकडे येऊन चिंधीगिरी नको ना. तुला सांगितलं होतं रोख आण म्हणून."

चिंधीगिरी. हाच शब्द. बाकीचे हसले, कारण आमच्यात हे चालतं. मास्तर पण हसला. मग म्हणाला, मला भूक नाहीये, मी फक्त एक एम्पानादा घेतो. बिल आलं, मी नेहमीप्रमाणे पाचाने भागलं.

पुढचा दिवस आम्ही रेकोलेताच्या स्मशानभूमीत एविता पेरोनची कबर आणि जुन्या थिएटरमध्ये थाटलेलं ते प्रसिद्ध पुस्तकांचं दुकान वगैरे केलं. फोटोत छान येतं सगळं. मास्तर म्हणाला, मी पायी भटकतो.

गुरुवारी मात्र तो म्हणाला, प्लासा दे मायोला चल. बाकीचे शॉपिंगला गेले होते. आम्ही दोघं सबवेच्या ए लाइनने गेलो. १९१३ ची आहे ती, दक्षिण गोलार्धातली पहिली. मास्तर असल्या गोष्टी वाचून येतो.

या चौकात दर गुरुवारी साडेतीनला आया चालतात. १९७६ ते ८३ अशी लष्करी राजवट होती. त्या काळात सरकारने हजारो माणसं घरातून, रस्त्यावरून उचलली आणि ती परत आलीच नाहीत. मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. एप्रिल १९७७ मध्ये काही आया मुलांचा पत्ता विचारायला राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोर जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी, पोलिस म्हणाले चालत राहा. म्हणून त्या चौकातल्या मनोऱ्याभोवती चालायला लागल्या, त्या अजून चालतात. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरं फडकं. सुरुवातीला ते बाळांचे कापडी लंगोट होते. आम्ही गेलो तो गुरुवार वेगळा होता. त्यांच्यातल्या एक प्रमुख, हेबे दे बोनाफिनी, चार दिवसांपूर्वी ९३ व्या वर्षी वारल्या होत्या. त्यांचे दोन मुलगे १९७७ मध्ये नाहीसे झाले. त्यांच्या अस्थी त्याच चौकात ठेवायच्या होत्या. प्रचंड गर्दी, ढोल, रडणारे आजोबा. भाषा फारशी कळत नव्हती, पण आम्ही मागे उभे राहिलो. इथे मी जास्त बोलत नाही, ते दुःख माझं नाही.

परत जाताना स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलो होतो. मास्तर म्हणाला, "माझा जॉब गेलाय. नऊ तारखेला."

ट्रिपच्या दहा दिवस आधी. तुम्हाला आठवत असेल, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या लेऑफची बातमी होती. याच्या कंपनीत मीटिंग नाही, फोन नाही. संध्याकाळी कोड रिव्ह्यू करताना लॅपटॉप आपोआप लॉग आउट झाला, आणि पर्सनल मेलवर पत्र. घरी सांगितलं नव्हतं. बहिणीचं लग्न फेब्रुवारीत. तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत नाही, म्हणून आला. डॉलर घ्यायला हातात रोकड ठेवायची नव्हती. क्रेडिट कार्डाचं बिल निदान महिन्याने येतं.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं बिल भरलं असतं," तो म्हणाला. "मला तुमच्याकडून पैसे नको होते रे. मला फक्त माझे पैसे बरोबर हवे होते."

मंडळी, या वाक्यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. गाडी आली. चढलो.

त्याने बजावलं, बाकीच्यांना कळता कामा नये. त्या रात्री मी शीट उघडली. 'पेमेंट कसं केलं' असा एक कॉलम वाढवला, प्रत्येक रोला तिचा स्वतःचा दर. दहा मिनिटांचं काम होतं. दहा मिनिटं! दरातल्या फरकाचे ११,८८० रुपये, त्यातला पाचवा हिस्सा त्याचा स्वतःचा, म्हणजे आमच्या चौघांकडून त्याला ९,५०४ जास्त यायला हवे होते. जेवणाची बिलंही, ज्याने जे खाल्लं ते, अशी वेगळी केली. ग्रुपवर टाकलं, "माझ्या फॉर्म्युल्यात बग होता, सॉरी, मास्तर बरोबर होता." जोडप्यातली ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "बग," ती म्हणाली. मग काही न विचारता पैसे ट्रान्सफर केले. तिला तेव्हाच कळलं असावं असं मला अजून वाटतं.

शनिवारी मेक्सिकोची मॅच, दुपारी चारला. आम्ही पाचही जण एका स्क्रीनसमोर रस्त्यात. ६४ व्या मिनिटाला मेसीने लांबून खालून जमिनीलगत मारला, आणि एका अनोळखी काकांनी मास्तरला उचललं. शब्दशः उचललं. २-० झालं तेव्हा मास्तरचा चष्मा हरवला होता. फुटक्या काचेसह सापडला. नव्या चष्म्याचा खर्च शीटमध्ये नाही, तो त्याने कुणाला घालू दिला नाही.

१८ डिसेंबरची फायनल आम्ही पुण्यात त्याच्या रूमवर बघितली. पेनल्टी शूटआउटच्या वेळी तो बाथरूममध्ये जाऊन बसला होता. घरी त्याने जानेवारीत सांगितलं. नोकरी मिळायला मार्च उजाडला, पगार आधीपेक्षा कमी.

मागच्या महिन्यात हा एपिसोड करू का विचारायला गेलो, तर त्याने पाकिटातून १,००० पेसोची एक उरलेली नोट काढून दिली. तिच्यावर ओर्नेरो नावाचा पक्षी आहे, मातीचं भट्टीसारखं घरटं बांधतो तो. आम्ही होतो तेव्हा तिचे २७० रुपये यायचे. आज १०० सुद्धा येणार नाहीत.

म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. शीटमध्ये टाकू नकोस."