वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी

(एका नव्या गृहसंकुलातील कुटुंबमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वास्तुशांत आटोपते. आचारी आपली पातेली उचलून नेतात, पाहुणे लिफ्टपाशी निरोप घेतात आणि दार लागते. कर्जाचा हप्ता किती, वाहन उभे कोठे करायचे, पाण्याची वेळ कोणती, हे सारे माहितीपत्रकात व करारनाम्यात असते. लागलेल्या त्या दाराच्या आत दुसऱ्या दिवसापासून काय सुरू होते, याविषयी मात्र त्यांत एक अक्षरही नसते.

गिरगावातील चाळीतून ठाण्याच्या पलीकडे, अकराव्या मजल्यावर राहावयास गेलेले एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, दोन मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. घर वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेले. सजावटकाराने दिवाणखान्यात मोठा सोफा व त्यासमोर दूरचित्रवाणी संच मांडला, मुलांच्या खोलीत अभ्यासाची मेजे बसवली, स्वयंपाकघरात भिंतभर कपाटे केली. आजींची पत्र्याची ट्रंक कोठे ठेवायची, हा प्रश्न उरला. ती माळ्यावर गेली. पाटा-वरवंटा जड म्हणून चाळीतच राहिला. पितळी भांडी मोडीत निघाली. आजींनी विरोध केला नाही. आठवडाभराने त्यांनी एवढेच विचारले, "आपण घरी परत कधी जायचं?"

या प्रश्नाला विस्मरण म्हणून हसण्यावारी नेणे सोपे असते. वस्तुतः त्या घरात त्यांना झोपण्यास पलंग होता, जागा नव्हती. चाळीच्या गॅलरीत त्यांची खुर्ची ठरलेली होती. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आले हे त्या ओळखत. कोणाची चावी त्यांच्यापाशी असे, कोणाचे तान्हे बाळ घटकाभर त्यांच्या मांडीवर असे. केशवजी नाईक चाळीसारख्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव नांदला, तो काही मोठ्या दिवाणखान्यांच्या बळावर नव्हे. दोन खोल्यांत राहणाऱ्यांचे अर्धे घर गॅलरीत होते, एवढेच त्याचे रहस्य. (चाळीतील सामायिक नळ आणि सामायिक संडास यांची आठवण ज्यांना आहे, ते चाळीचे गोडवे जरा जपूनच गातात, आणि ते योग्यच आहे.)

ज्या वास्तुशांतीवर एवढा खर्च झाला, तिच्या विधीतच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मत्स्यपुराणातील कथा अशी की, अंधकासुराशी झालेल्या युद्धात शंकराच्या कपाळीचा घाम भूमीवर पडला आणि त्यातून एक विक्राळ भूत उत्पन्न झाले. ते त्रैलोक्य गिळावयास निघाले, तेव्हा देवांनी त्याला पालथे पाडून दाबून धरले. ज्या देवाने त्याचे जे अंग धरले, त्याच ठिकाणी तो देव स्थिरावला. तोच वास्तुपुरुष. वास्तुमंडलाची ८१ पदे आखली जातात, त्यांत ४५ देवता मांडल्या जातात. ३२ बाहेरच्या कडेला, १३ आत. मधली ९ पदे ब्रह्म्याची. मंडलावर नाव नसलेली, कोपऱ्यात ताटकळत उभी राहिलेली देवता एकही नाही. प्रत्येकीला जागा आहे, आणि प्रत्येकीच्या भागाला वास्तुपुरुषाचा थोडा भारही आहे. जागा आणि भार ही जोडी महत्त्वाची. नुसती जागा दिली तर मनुष्य पाहुणा होतो; नुसता भार दिला तर गडी होतो.

जुन्या वाड्यात मधला चौक मोकळा असे. तेथे ऊन येई, पाऊस येई, पापड वाळत, मुले खेळत. आजच्या सदनिकेत चौक नाही आणि तो आणताही येणार नाही. सहाव्या काय किंवा अकराव्या मजल्यावर काय, वास्तुप्रतिमा पुरण्यास जमीनही नसते. आग्नेय कोपऱ्यातील एखादी फरशी उचलून तिची स्थापना करावी लागते. परंपरेने ही तडजोड स्वीकारली, हे तिचे शहाणपण. त्या शहाणपणाला सोडून दिशांच्या भयापोटी नव्या घराच्या भिंती पाडणारे, प्रसंगी इमारतीच्या खांबाला हात लावणारे लोक आढळतात. खांबाला धक्का लावल्याने ईशान्य शुद्ध होत नाही, खालच्या दहा कुटुंबांचा जीव मात्र धोक्यात येतो.

गृहिणी म्हणजेच गृह, असा सुभाषितकारांचा अभिप्राय सर्वांना ठाऊक आहे. त्याचा आधार घेऊन घराचे सारे घरपण एकट्या सुनेच्या खांद्यावर टाकले जाते, तो अर्थ सोयीचा असला तरी न्यायाचा नाही. सकाळी साडेसातची गाडी तीही पकडते. हप्ता तीही भरते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, तेव्हा तिचे नाव करारनाम्यावर आवर्जून येते. दारावरच्या पाटीवर मात्र ते पुष्कळदा विसरले जाते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. वास्तू तथास्तु म्हणते, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून घरात अशुभ बोलू नये असे मुलांना बजावले जाते. नव्या घराच्या कानावर पहिले सहा महिने काय पडते? ओल आली, फरशी हलते, बिल्डरने फसवले. रोज रात्री जेवताना हेच. रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने ते ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि ताटावरून तो विषय उठवावा.

त्या कुटुंबात पुढे घडले ते फारसे नाट्यमय नव्हते. ट्रंक माळ्यावरून खाली आली, तिच्यावर आजींचे जुने लुगडे घडी करून पसरले गेले आणि दारालगतच्या भिंतीशी ते आसन झाले. तुळस दक्षिणेच्या खिडकीत हलवली, कारण सजावटकाराने जेथे कुंडी ठेवली होती तेथे उन्हाचा कवडसाही येत नव्हता. देवाची फुले निवडणे, दूधवाल्याचा हिशेब आणि कचरा घेण्यास येणाऱ्या बाईंना दार उघडणे ही कामे आजींकडे आली. सुनेने आरंभी संकोचून विचारले होते, "आई, त्रास नाही ना होणार?" आजींनी उत्तर देण्याऐवजी दूधवाल्याची वही मागितली.

समोरच्या सदनिकेत एक तरुण जोडपे राहते, मराठी न बोलणारे. त्यांची मुलगी शाळेच्या बसने पाच वाजता येते. आई सात वाजता. मधले दोन तास ती मुलगी पूर्वी कुलूपबंद घरात एकटी असे. आता अकराव्या मजल्यावर पाच वाजता लाकडी दार उघडलेले असते, जाळीचे दार लावलेले असते आणि ट्रंकेवर दोघीजणी बसलेल्या असतात. मुलगी पाढे म्हणते, आजी मराठीतले पावकी-निमकी. एकमेकींचे काहीही कळत नाही, असे सून सांगते. पण दोघींचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू येतो.